जुन्या कॅम्पर व्हॅनची नियमित देखभाल व सुरक्षा-तपासणी : फोक्सवॅगन टाइप-२ च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वाहन आणि निवास या दोन्ही गरजा एकाच छताखाली भागविणारे साधन म्हणजे कॅम्पर व्हॅन होय. दिवसा ती रस्त्यावर धावते आणि रात्री त्याच पत्र्याच्या आवरणात एखादे कुटुंब स्वयंपाक करते, जेवते आणि झोपी जाते. या दुहेरी स्वरूपामुळे तिच्यात मोटारीचे धोके आणि घरातील धोके एकत्र येतात. पेट्रोल, तापलेले इंजिन, ब्रेक आणि टायर यांच्या जोडीला गॅसची शेगडी, सिलिंडर आणि विजेची जोडणी असते. वाहन जुने झाले की या सर्वांवर वयाचा परिणाम होऊ लागतो. अशा वाहनाची देखभाल कोणत्या तत्त्वावर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी जगभर परिचित असलेल्या फोक्सवॅगन टाइप-२ या वाहनाचे आणि प्रामुख्याने ब्रिटनमधील परिस्थितीचे उदाहरण घेतले आहे.

वाहनाची पार्श्वभूमी

बेन पॉन या डच मोटार-आयातदाराने १९४७ मध्ये काढलेल्या एका साध्या रेखाटनातून या वाहनाची कल्पना पुढे आली. मार्च १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हर येथील नव्या कारखान्यात हलविण्यात आले. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभापासूनच या व्हॅनमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसविण्यास प्रारंभ केला. १९६७ मध्ये सलग वक्र काचेची दुसरी पिढी आली आणि जर्मनीत तिचे उत्पादन १९७९ पर्यंत चालले. ब्राझीलमध्ये मात्र या पिढीचे वाहन २०१३ अखेरपर्यंत तयार होत होते. म्हणजेच जर्मनीत तयार झालेली या पिढीची जी वाहने आज रस्त्यावर आहेत, त्यांपैकी सर्वांत नव्या वाहनानेही वयाची पंचेचाळीस वर्षे ओलांडली आहेत. तरीही हौशी मालक ती जपतात, सहलींसाठी भाड्याने देतात आणि सहकुटुंब प्रवासालाही नेतात.

कायद्याची दृष्टी व तिची मर्यादा

ब्रिटनमध्ये खासगी वाहनांची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. ती आजही ‘एमओटी’ या नावाने ओळखली जाते. तीत ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, आसनपट्टे आणि सांगाड्यावरील गंज यांची पाहणी होते. मात्र २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना या तपासणीतून सूट मिळाली. गेल्या तीस वर्षांत वाहनाच्या रचनेत मोठा बदल झालेला नसावा, एवढीच तिची प्रमुख अट आहे. अशी वाहने सहसा काळजीपूर्वक जपली जातात आणि वर्षाकाठी फार थोडे अंतर धावतात, असा युक्तिवाद त्यामागे होता. वाहन रस्त्यावर चालविण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी अर्थातच मालकावर कायम आहे आणि धोकादायक स्थितीतील वाहन चालविणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

येथे दोन मुद्दे लक्षात घ्यावे लागतात. पहिला असा की, ही तपासणी पूर्वीही वाहनाच्या ‘मोटार’ या अंगापुरतीच होती. शेगडी, गॅसची नळी आणि निवासी भागातील विजेची जोडणी तिच्या कक्षेत नव्हती. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ‘कमी धावते म्हणून कमी झिजते’ हे गृहीतक अर्धेच खरे आहे. पिस्टन, बेअरिंग, क्लच असे भाग धावल्याने झिजतात. रबर, ब्रेक ऑइल, पत्रा आणि गॅसची नळी यांचा ऱ्हास मात्र वाहन उभे असतानाही चालूच असतो. कॅम्पर व्हॅनमध्ये ज्या बिघाडांमुळे माणसे दगावू शकतात, त्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून जुन्या कॅम्पर व्हॅनच्या देखभालीचा मुख्य आधार मैलमापकाचा आकडा नसून दिनदर्शिका असावयास हवी. पुढील विवेचन याच सूत्राला धरून केले आहे.

इंधनाची नळी आणि आगीचा धोका

टाइप-२ चे इंजिन वाहनाच्या मागील भागात असते आणि पेट्रोलची टाकीही त्याच्या लगतच असते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचे काही तुकडे रबरी असतात. मूळ नळीवर सुती धाग्यांची वीण असे. ही वीण बाहेरून शाबूत दिसते, पण आतील रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. अशा चिरेतून ठिबकणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर किंवा ठिणगी पडू शकणाऱ्या भागावर पडले, तर आग लागण्यास वेळ लागत नाही. या इंजिनाचे मुख्य आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की अत्यंत प्रखर ज्वालेने जळते आणि त्यावर पाणी मारल्यास आग अधिकच भडकते. आग विझविण्याच्या तयारीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती लागू न देण्याला आहे, ते यामुळेच.

अलीकडच्या काळात या धोक्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर मऊ पडते अथवा तडकते. शिवाय ते ओलावा शोषून घेत असल्याने टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज वाढतो. त्यामुळे अशा वाहनांत ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले उच्च प्रतीचे पेट्रोल वापरावे आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्यांनी बदलाव्यात, हे उचित ठरते. बदललेल्या नळीवर तारखेची चिठ्ठी बांधून ठेवणे ही साधी सवय फार उपयोगी पडते. दिसण्यावरून नळीचे वय ओळखता येत नाही.

हवेने थंड होणारे इंजिन

जर्मनीत तयार झालेल्या पहिल्या दोन पिढ्यांतील वाहनांना पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याची हवा आणि इंजिन ऑइल यांनीच इंजिन थंड राहते. १६०० सीसी इंजिनात सुमारे अडीच लिटरच ऑइल मावते आणि ते गाळण्यासाठी केवळ जाळी असते. आधुनिक मोटारीसारखा बदलता फिल्टर त्यात नसतो. म्हणून दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलणे आवश्यक असते आणि वाहन तितके धावले नाही तरी वर्षातून एकदा ते बदलावेच लागते. प्रत्येक मोठ्या प्रवासापूर्वी ऑइलची पातळी पाहणे हा नियमच समजावा. इंजिन थंड असताना टॅपेटची फट तपासावी. ती साधारणपणे ०.१५ मिलिमीटर असावी लागते. फट नाहीशी झाली की वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तो जळतो आणि प्रसंगी तुटून इंजिनाचा नाश करतो.

या इंजिनात थंड हवेचा पंखा डायनमोच्याच आसावर बसविलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्याने फिरतात. त्यामुळे धावत्या गाडीत विद्युतभाराचा तांबडा दिवा लागल्यास ती केवळ बॅटरीची तक्रार समजू नये. पट्टा तुटला असल्यास त्याच क्षणी इंजिन थंड होणेही थांबलेले असते. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे लागते. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी हाही असाच दुर्लक्षित भाग आहे. ती खालची तापलेली हवा वर येऊ देत नाही. ती गळून पडली असेल तर पंखा गरम हवाच पुन्हा इंजिनावर ढकलत राहतो.

ब्रेक

ब्रेक ऑइलला हवेतील पाणी शोषून घेण्याचा गुण आहे. डॉट-४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात पुरेसा ओलावा मुरल्यावर याच प्रतीसाठी ठरविलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सामानाने भरलेली जड व्हॅन लांबलचक घाट उतरत असताना ब्रेकचे तापमान वाढते. ऑइलमधील पाण्याची वाफ झाली की वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. पायाखालचा ब्रेक एकाएकी मऊ पडतो. आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर निर्दोष वाटलेला ब्रेक घाटात दगा देतो, तो या कारणाने. म्हणून अंतर कितीही धावले असो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे हाच नियम योग्य आहे. चाकांजवळच्या रबरी नळ्या आतून सुजतात आणि ब्रेक सोडल्यावरही चाक आवळलेले राहते. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर या नळ्यांकडे प्रथम लक्ष द्यावे.

टायर : नक्षी आणि वय

ब्रिटनमध्ये मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा कायदा आहे. वर्षाला थोडेच धावणाऱ्या कॅम्पर व्हॅनचे टायर ही अट सहज पूर्ण करतात आणि तेथेच फसगत होते. १० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात, आइल ऑफ वाइटवरील संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला आणि चालकासह तिघांचा मृत्यू झाला. तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना होता, खुद्द त्या बसपेक्षाही जुना. त्या वेळी कायद्यात टायरच्या वयाला मर्यादा नव्हती. पुढे दीर्घ पाठपुराव्यानंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बस यांच्या पुढील चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरण्यास बंदी आली. खासगी कॅम्पर व्हॅन मात्र या बंदीच्या कक्षेत येत नाही. तेथे निर्णय मालकाच्या विवेकावर सोपविलेला आहे.

टायरचे वय वाचणे कठीण नाही. टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक गट असतो. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. ‘२३१८’ याचा अर्थ २०१८ मधील तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे आणि तो काढून टाकणे हाच एकमेव मार्ग आहे. सुटे चाक तपासण्यास विसरू नये, कारण सर्वांत जुना टायर बहुधा तेथेच असतो. जड व्हॅनसाठी मोटारीचा साधा टायर न वापरता भारवाही वाहनाचा टायरच वापरला पाहिजे.

गंज

टाइप-२ मध्ये पत्र्याची बांधणी आणि सांगाडा परस्परांना जोडून एकजीव झालेले असतात. त्यामुळे गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. दारांखालचे उंबरे, जॅक लावण्याच्या जागा, सांगाड्याचे आडवे दांडे आणि आसनपट्ट्यांचे आधार या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जाते आणि ते तळाशी साचून राहते. हिवाळ्याअखेरीस तळ गोड्या पाण्याने धुणे आणि पाणी निथळून जाण्याची भोके मोकळी ठेवणे हे स्वस्त पण परिणामकारक उपाय आहेत. वरून जाड रंग किंवा डांबरी लेप दिलेला भाग हलक्या हाताने ठोकून पाहावा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो.

गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड

निवासी भागातील सर्वांत गंभीर धोका येथे आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. या वाहनाच्या आतील पोकळी सुमारे ५ घनमीटर, म्हणजे ५,००० लिटर धरली, तर स्फोटक मिश्रणासाठी सुमारे २ टक्के, म्हणजे १०० लिटर वायू पुरतो. एक लिटर द्रव प्रोपेनपासून सुमारे २७० लिटर वायू तयार होतो. याचा अर्थ अर्ध्या लिटरपेक्षाही कमी द्रव गळला तरी सर्व व्हॅन स्फोटक होऊ शकते. प्रत्यक्षात वायू जमिनीलगत साचत असल्याने तेथे ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक असते. ते चटई किंवा सामानाने कधीही झाकू नये. नळीवरील तारीख पाहून ती मुदतीत बदलावी, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि वाहन चालू असताना सिलिंडर बंद ठेवावा. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी सोय जुन्या शेगड्यांत बहुधा नसते. अशी शेगडी बदलणे इष्ट होय.

कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा शत्रू. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. टाइप-२ मध्ये त्याचा एक खास मार्ग आहे. या वाहनात थंडीत आत येणारी गरम हवा धुराड्याच्या नळीभोवतीच्या पेट्यांतून तापून येते. ती नळी आतल्या आत गंजून भोक पडले, तर इंजिनाचा धूर त्याच वाटेने प्रवाशांपर्यंत पोहोचतो. पेट्यांची तपासणी हा म्हणूनच जीवरक्षणाचा भाग आहे. अपुऱ्या हवेत जळणारी शेगडी आणि थंडीमुळे आत घेतलेली कोळशाची शेगडी हे अन्य मार्ग होत. ऊब मिळविण्यासाठी स्वयंपाकाची शेगडी पेटवू नये आणि विझत आलेले निखारेही आत आणू नयेत. प्रवासी वाहनांसाठी प्रमाणित केलेला सूचक बसवावा. त्याच्यावर छापलेली मुदत पाहावी आणि प्रत्येक सहलीपूर्वी कळ दाबून तो वाजवून पाहावा.

वीज

जुन्या व्हॅनमधील वायरिंगमध्ये अनेक मालकांनी आपापल्या काळात भर घातलेली असते. निवासी भागासाठी बसविलेल्या दुसऱ्या बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. तो नसेल तर पत्र्यावर घासून उघडी पडलेली तार तापून आग लागते. तळावरील २३० व्होल्टची जोडणी घेताना ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारे साधन असणे अत्यावश्यक आहे, कारण पत्र्याची सर्व काया विजेची वाहक असते.

तपासणीचे वेळापत्रक

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

१. प्रत्येक प्रवासापूर्वी : इंजिन ऑइल, टायरमधील हवा, दिवे, ब्रेकचा दाब, पेट्रोलचा वास, सिलिंडर बंद असल्याची खात्री, धूर व कार्बन मोनॉक्साइड यांचे सूचक.

२. दरवर्षी : इंजिन ऑइल, टॅपेट, पंख्याचा पट्टा, पेट्रोलच्या सर्व नळ्यांची पाहणी, गरम हवेच्या पेट्या, तळाचा गंज, तसेच गॅस व विजेच्या जोडणीची जाणकाराकडून तपासणी.

३. दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल बदलणे.

४. वयानुसार : दहा वर्षांच्या आत सर्व टायर, मुदतीत गॅसची नळी व रेग्युलेटर, छापील मुदतीनुसार सूचक व अग्निशामक.

अग्निशामक आणि आग दाबण्याचे कापड दाराजवळ ठेवावे. मागील भागात ते ठेवल्यास, जेथे आग लागण्याची शक्यता अधिक तेथेच ते अडकून पडतात. कायद्याने सूट मिळालेल्या वाहनाचीही स्वेच्छेने वार्षिक एमओटी करून घेता येते. ती अवश्य करून घ्यावी.

समारोप

जुनी कॅम्पर व्हॅन ही हौसेची वस्तू असली तरी तिच्यात झोपणाऱ्या माणसांसाठी ती एक घर असते. वाहन चाळीस वर्षांचे झाले की कायद्याची सक्ती संपते आणि वयाने होणारे बिघाड मात्र त्याच सुमारास वाढीला लागतात. ही तफावत मालकाच्या शिस्तीनेच भरून काढावी लागते. या शिस्तीला फार खर्च येत नाही. तारखांची एक वही, साबणाचे पाणी, टायरवरचे चार अंक वाचण्याची सवय आणि वर्षातून एकदा जाणकाराचा हात एवढे तिला पुरते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. आज नवी असलेली ही वाहने यथाकाल जुनी होतील. त्या वेळी ‘फारशी धावली नाही’ हे वाक्य ती सुरक्षित असल्याचा पुरावा मानले जाऊ नये. गाडी किती धावली याबरोबरच तिचा कोणता भाग कोणत्या वर्षाचा आहे, हेही त्या वेळी विचारले गेले पाहिजे.